भाऊसाहेबांच्या बोअरचं पाणी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. नवऱ्याला, मुलाला, वर्षातून एकदा पुण्याहून येणाऱ्या सासूबाईंनाही. मला स्वतःला ते कळायला मात्र उज्ज्वल मेश्राम भेटावा लागला.

उज्ज्वल सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाण्यावर काम करायचा. घाण पाणी गाळून पिण्याजोगं करायचं, त्यावर त्याचं संशोधन. बुटका, सडपातळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. लिफ्टमध्ये भेटला की "नमस्कार ताई" म्हणायचा आणि मजल्यांचे आकडे बघत उभा राहायचा. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला, हवापाणी, भाडं, मुलांच्या शाळा. उत्तरं एका शब्दात. चाळिशीच्या माणसानं इतकं गप्प असू नये. मी त्याला शिष्ट ठरवून टाकलं आणि माझ्यापुरता तो विषय संपवला.

त्याची बायको लता मात्र बोलायला बरी होती. बाजारात भेटली की मेथी कुठल्या दुकानात चांगली आलीये ते सांगायची. मुलगी दीक्षा, अकरा वर्षांची, उंच, हुशार. पण फोटोत कधी हसायची नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहायची, पासपोर्टचा फोटो काढत असल्यासारखी.

दोन हजार तेराच्या दिवाळीत आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आम्ही आसपासची मराठी कुटुंबं जमलो होतो. शेवटी फोटो काढायची वेळ आली. मी पुढे उभी. "अगं दीक्षा, हस की! दिवाळी आहे," मी म्हटलं. ती हसली नाही, तेव्हा तिच्या कमरेला गुदगुल्या केल्या. पोरगी खळखळून हसली आणि मला तिचे दात दिसले. वरच्या पुढच्या चार दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके पडलेले, आणि दोन्ही मधल्या दातांवर चहाच्या डागासारखे तपकिरी आडवे पट्टे.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. त्यामुळे जगातल्या सगळ्या दातांवर बोलायचा मला अधिकार आहे असा माझा समज. "दोन वेळा दात घासत जा गं," मी पंधरा माणसांसमोर म्हटलं. "आई बघत नाही का?"

"आय ब्रश थ्री टाइम्स, आंटी," ती म्हणाली आणि ओठ मिटले. लताचा चेहरा उतरला. उज्ज्वल दोन हातांच्या अंतरावर कागदी प्लेट गोळा करत होता. त्यानं ऐकलं, हे मला दिसलं. तो खाली वाकला आणि प्लेट गोळा करत राहिला.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, वस्तीतून आलेली माणसं, शिकली तरी दातांकडे कोण बघतंय. असंच, याच शब्दांत. मी स्वतःला पुढारलेली समजते. मुलाला जात विचारू नये असं शिकवलंय. आणि आत हे पडून होतं, हाताशी, लगेच वर येईल असं. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

जानेवारीत तिघंही आमच्या दवाखान्यात आली. दवाखाना क्लेमेंटीच्या बाजाराशेजारी, तळमजल्यावर. डॉक्टर क्वेक म्हणजे शांत बाई. लहान मुलांशीसुद्धा मोठ्यांसारखं बोलणाऱ्या. नवा पेशंट आला की फॉर्म भरायचा असतो, आणि डाग असलेल्या मुलांसाठी त्यात एक जादा प्रश्न असतो: जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत मूल कुठलं पाणी प्यायलं? उज्ज्वलनं फॉर्म भरून दिला. त्या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं होतं, नगरपालिकेचा नळ.

आत डॉक्टरांनी दिवा लावून दात पाहिले, वाळवून पुन्हा पाहिले. मी शेजारी उभी. त्यांनी फॉर्म वाचला आणि म्हणाल्या की हे डाग पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडचे दिसतात, पण नळाच्या पाण्यात एवढं नसतं. दुसरं कुठलं पाणी होतं का?

"नाही," उज्ज्वल म्हणाला.

"नो ला, पप्पा," खुर्चीत आडवी पडलेली दीक्षा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "आबाज् पंप. वी ऑल ड्रँक फ्रॉम आबाज् पंप."

उज्ज्वलचे कान लाल झाले. लता भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघायला लागली. डॉक्टरांनी फॉर्मवर दुरुस्ती केली. आणि मला आठवलं, मी केलेल्या कोर्समध्ये यावर एक अख्खं पान होतं. दात हिरडीत तयार होत असतानाच असं पाणी पोटात गेलं की त्यांच्यावरचं कवच डाग घेऊनच बाहेर येतं. मग दिवसातून दहा वेळा घासा. ते पान मी परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरले. दिवाळीत मी त्या पोरीला जे ऐकवलं ते तिनं न केलेल्या गुन्ह्यासाठी होतं.

डॉक्टरांनी उपाय समजावून सांगितला. दात कोरायचे नाहीत, टोप्या बसवायच्या नाहीत. वाढत्या वयात ते करूही नये. पहिल्या खेपेला आम्लाची बारीक रवाळ पेस्ट लावून दाताचा वरचा केसाएवढा थर घासून काढायचा, तपकिरी पट्टे त्यानं जातात. दुसऱ्या खेपेला पांढऱ्या ठिपक्यांमध्ये पाण्यासारखी पातळ राळ जिरवायची आणि निळ्या उजेडानं घट्ट करायची. मग ठिपका आजूबाजूच्या दातासारखाच दिसतो. दुखत नाही. दीक्षानं एकच विचारलं, शाळेत कळेल का? डॉक्टर म्हणाल्या, तू सांगितलंस तरच.

बाहेर पडताना मी तिला गाठलं. "दीक्षा, दिवाळीत मी चुकीचं बोलले. सॉरी."

"इट्स ओके, आंटी," ती म्हणाली. "एव्हरीबडी सेज दॅट."

तिनं मला माफ केलं असतं किंवा ती चिडली असती, तर बरं वाटलं असतं. तिला त्याची सवय झालेली होती, ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उज्ज्वल एकटा काउंटरवर आला. "ताई, काल मी खोटं लिहिलं," म्हणाला. मी त्याला शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, नेलं, कॉफी घेतली, आणि तिथं, ताटांच्या खडखडाटात, हा शिष्ट माणूस पाऊण तास बोलला.

त्याचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. वडील भाऊसाहेब एसटीत कंडक्टर. गावात पाण्याची टाकी होती, पण वरच्या अंगाला, चौकात. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन गेल्या की बाकीच्यांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. कोणी हाकलायचं नाही, कायदा होता. फक्त थांबवायचे. उज्ज्वलची आई अशी वीस वर्षं थांबली. भाऊसाहेब निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशातून त्यांनी आधी घर बांधलं नाही, वस्तीत बोअर मारली. दोन हजार एक साली. दोनशे फुटांवर पाणी लागलं, तेव्हा म्हातारा कारंज्यात उभा राहिला, कपड्यांसकट. वस्तीतल्या एकतीस घरांसमोर म्हणाला, आजपासून आपली एकही बाई गावच्या टाकीवर जाणार नाही. आणि खरंच एकही गेली नाही.

पुढच्या वर्षी दीक्षा झाली. उज्ज्वल पीएचडीसाठी सिंगापूरला आला आणि लता-दीक्षा गावी राहिल्या. दोन हजार दहामध्ये नोकरी लागल्यावर तो त्यांना आणायला गेला, तेव्हा दीक्षाचे नवे दात आले होते. डागांसकट. त्यानं वस्तीतली इतर पोरं पाहिली. सगळ्यांचे तसेच. गावात म्हणायचे, या पोरांना दात घासायची सवय नाही. वस्तीतले लोकही तेच म्हणायला लागले होते.

"मी बाटलीभर पाणी आणलं सोबत," उज्ज्वल म्हणाला. "लॅबमध्ये तपासलं. लिटरला दीड मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, निघालं साडेचार. मला वाटलं माझं चुकलं. तीनदा तपासलं."

"मग?"

"मग काय. दीक्षा इथं आली होती."

"आणि तिकडे?"

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "ताई, मी रोज पाण्याचंच काम करतो. परिषदांमध्ये बोलतो. माझ्या घरचं पाणी असं आहे आणि मी बापाला सांगू शकलो नाही. ती बोअर म्हणजे त्यांचा जीव आहे. त्यांना काय सांगू, तुम्ही वस्तीला विष पाजलं?"

चार वर्षं त्यानं फोनवर हवामान विचारलं, तब्येत विचारली, पाण्याचं बोलला नाही. भाऊसाहेब नातीच्या दातांसाठी लताला बोल लावायचे, माय लक्ष देत नाही म्हणायचे. लताला खरं माहीत होतं. तीही नवऱ्यासाठी ऐकून घ्यायची.

"बाबा मार्चमध्ये येतायत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर पाण्याचा विषय काढू नका. मी सांगेन, माझ्या वेळेनं."

मी कबूल केलं. मला त्याचा राग आला होता, पण दिवाळीनंतर मला कोणावर रागवायचं तोंड राहिलं नव्हतं.

पहिली खेप फेब्रुवारीत झाली, पट्टे गेले. दुसरी मार्चमधल्या एका शनिवारी होती. शनिवारी मी काउंटरवर असते. दीक्षा आत गेली आणि बाहेरच्या बाकावर उज्ज्वल, लता आणि भाऊसाहेब बसले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायात मुलानं इथं घेऊन दिलेले नवे बूट. "जय भीम बाई," म्हातारा मोकळेपणानं म्हणाला आणि हसला. दात असे शुभ्र, की डॉक्टरांनी जाहिरातीला लावावेत.

थोडा वेळ गेला. मग ते उठून काउंटरपाशी आले. "मले सांगा बाई, पोरीच्या दाताले झालं तरी काय होतं? हे दोघं तं काही बोलत नाहीत."

मी उज्ज्वलकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"होतं काही मुलांना," मी म्हटलं. "लहानपणी टूथपेस्ट गिळली जाते, त्यानं."

मी इतकी सफाईनं खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. ते लताकडे वळले. "पाहा. मी म्हणत होतो का नाही? मायचंच ध्यान नाही तं लेकरू काय करन?" आणि मला म्हणाले, "माह्ये दात पाहा. एकाहत्तर वर्साचा हाओ. एक दात हालत नाही. बोअरचं पाणी हाय हे."

लता पर्सचा पट्टा सरळ करत बसली. मी कागद चाळायला लागले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

भाऊसाहेब रंगात आले होते. "चौदा एप्रिलले अंगणवाडीले पाइप जोडतो. लहान लहान पोट्टे हातपंपापाशी येतात, पडतात, गुडघे फुटतात. आता आतमंधीच नळ. तीस लेकरं हायेत बाई! उज्ज्वलच्या हातानं सुरू करायचा. पाण्याचा डॉक्टर हाय ना तो."

"बाबा," उज्ज्वल म्हणाला, "पाइप जोडू नका."

"काहून?"

उज्ज्वल उभा राहिला. शाळेत गुरुजींसमोर राहतात तसा, हात बाजूला. "पाणी खराब आहे. आपल्या बोअरचं. दीक्षाचे दात त्यानंच झाले. लताची काही चूक नाही. टूथपेस्टचीही नाही."

भाऊसाहेब आधी हसले. "आपलं पाणी? गोड पाणी हाय बापा ते."

"त्याला चव नसते, बाबा. रंग नाही, वास नाही. मी तपासलं, तीनदा."

"माह्ये दात काहून नाही झाले मग?"

"तुमचे दात आधीच आले होते. दात आत बनत असताना प्यायलं की होतं. लहानपणी. आणि जन्मभर प्यायलं तर हाडं धरतात."

म्हातारा हळूहळू बाकावर बसला. काहीतरी जुळवत होता. मग म्हणाला, "म्हणजे वस्तीतले पोट्टे..."

"हो, बाबा."

"ते दात घासत नाहीत म्हणून मी मारलं हाय त्याईले," ते म्हणाले. "राहुल्याच्या पोराले तं सगळ्यांसमोर."

 आतून मशीनची बारीक घरघर येत होती.

"कधी तपासलं तू?"

"दोन हजार दहा."

"चार वर्स झाले."

"मला तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही. ती बोअर तुमची..."

"बोअर माह्यी असन," भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोट्टे तं सगळ्याईचे हायेत. तू तुह्या पोरीले घेऊन आला, अन् बाकीच्याईले तिथंच ठेवलं. मी पाण्यासाठी मारली होती बोअर. नावासाठी नाही. तुले असं कसं वाटलं माह्याबद्दल?"

उज्ज्वल रडायला लागला. मोठ्या माणसाला असं उभ्यानं, हात बाजूला ठेवून रडताना मी पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या एका चिनी आजीबाईंनी त्याच्याकडे बघून मान वळवली.

"फोन लाव," भाऊसाहेब म्हणाले. "प्रकाशले."

प्रकाश त्यांचा पुतण्या, वस्तीतच राहणारा. उज्ज्वलनं फोन लावून दिला. म्हातारा उभं राहून, भिंतीकडे तोंड करून बोलला. "प्रकाश, ऐक. बोअरचं पाणी प्यायचं आजपासून बंद. धुण्याले चालते, तोंडी नाही. ... हाओ, लेकरांच्या तं अजिबातच नाही. ... गावच्या टाकीवर जा." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "मले माहीत हाय मी काय म्हणलो होतो. ... उभं ठेवतीन तं उभं राहा. ... माह्यं नाव सांग सगळ्याईले. म्हणाव, भाऊसाहेबाची बोअर खराब हाय, त्यानंच सांगितलं."

त्यांनी फोन परत दिला. ते लतासमोर गेले. "बाई, मी तुले चार वर्स बोललो."

"जाऊ द्या, मामाजी."

"जाऊ कसं देऊ," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसून राहिले.

मी काउंटरच्या बाहेर आले. त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, "ते टूथपेस्टचं मी खोटं सांगितलं. मला माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बस, एवढंच. माझ्यावर वेळ घालवावा असं त्यांना वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तेवढ्यात दार उघडलं. दीक्षा बाहेर आली, मागे हातात आरसा घेऊन डॉक्टर क्वेक. पोरगी तोंड भरून हसत होती. वरचे चारही दात एकसारखे, स्वच्छ; कधी काही झालंच नव्हतं असे. "आबा, सी!" ती आजोबांसमोर वाकली. "ऑल गॉन!" आम्ही चौघंही तिच्याकडे धड बघू शकलो नाही. भाऊसाहेबांनीच शेवटी तिची हनुवटी हातात धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि एकेक दात पाहिला.

मग ते मला म्हणाले, "डॉक्टरीणबाईले विचारा, बाकीच्याईचे होते का असे?"

मी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, डाग फार खोल नसतील तर होतात. आणि विचारलं, किती मुलं आहेत? मी ते भाऊसाहेबांना सांगितलं.

त्यांनी आकडा सांगितला नाही. बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून नावं घ्यायला सुरुवात केली. "राहुल्याचा पोरगा. त्याची लहान बहीण. सुजाता. प्रकाशचे दोघं. कांताबाईचा नातू." दहा-बारा नावं झाली आणि ते थांबले. उज्ज्वलकडे वळले. रागानं नव्हे, हिशेब चुकू नये म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू पाणी तपासल्यावर जे जन्मले, ते येगळे सांगू का त्याईतच धरू?"

उज्ज्वलनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, मी भाषांतर करीन म्हणून. मला ते करता आलं नाही.